मुका खांदा

दगड वाजवून पाहण्याची त्या घरातली रीत दोघांची होती. शिल्पकार हातोडीने दगडावर हलकासा ठोका देई आणि त्याची पत्नी दुसऱ्या टोकाला कान टेकवून उभी राही. ठोका देणाऱ्याने निर्णय द्यायचा नाही, हा नियम त्यांनी संसाराच्या आरंभीच स्वतःला घालून घेतला होता. ज्याच्या हातात हातोडी असते त्याचे मन त्या दगडात आधीच गुंतलेले असते, आणि गुंतलेल्या मनाला हवे तेच ऐकू येते, असे शिल्पकाराचे म्हणणे. म्हणून निर्णय तिचा. अखंड दगड ठोक्यानंतर घंटेसारखा नाद देतो आणि तो नाद क्षणभर रेंगाळतो. ज्याच्या पोटात चीर असते तो दगड ठोका गिळून टाकतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. तिने "स्वच्छ" म्हटले की दगड कार्यशाळेत येई. "मुका आहे" म्हटले की कितीही देखणा असो, तो आल्या पावली परत जाई. खाणीवरचे लोक ती येताना दिसली की हलक्या मालावर गुपचूप ताडपत्री ओढत आणि मग साळसूदपणे तिची खुशाली विचारत.

आता कार्यशाळेत जो करडा पाषाण उभा होता, तोही तिनेच पारखून घेतलेला होता. शहरातल्या प्रसूतिगृहाची नवी इमारत पुरी होत आली होती आणि तिथल्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी प्रवेशद्वाराच्या माथ्यावर बसवण्यासाठी एक मूर्ती मागितली होती. काय घडवायचे ते त्यांनी शिल्पकारावर सोपवले होते. त्याने बरेच दिवस माती मळली, मोडली, पुन्हा मळली, आणि अखेर नमुना सिद्ध झाला: किंचित पुढे झुकलेली एक स्त्री, अंगावर जाडसर शाल, उजवा हात खांद्यातून सरळ पुढे पसरलेला आणि तळवा खाली. दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या मस्तकावर तो तळवा यावा, असा संकल्प.

पसरलेला हात मातीत सोपा, धातूत शक्य आणि दगडात धाडसाचा. दगडाला भार पेलता येतो, पण अधांतरी लोंबणे त्याच्या स्वभावात नाही. म्हणून काम चालू असेतो मनगट आणि बरगडी यांच्यामध्ये दगडाचाच एक तिरपा आधार न कोरता ठेवलेला होता. तो सगळ्यात शेवटी तोडायचा आणि मग हाताने स्वतःच्या बळावर उभे राहायचे.

मुख झाले. शालीच्या चुण्या झाल्या. हाताची बोटे एकेक करून मोकळी झाली. एके सकाळी खांद्यावरचा जादा दगड उतरवत असताना छिन्नीचा आवाज बदलला.

बदल अगदी बारीक होता. इतका वेळ "ठण्, ठण्" असे उत्तर देणारा पाषाण एका जागी "ठप्" म्हणाला. शिल्पकाराचा हात थांबला. त्याने छिन्नी बोटभर बाजूला सरकवून पुन्हा ठोका दिला. ठप्. मानेपाशी दिला, तिथे नाद होता. मनगटापाशी दिला, तो नाद खांद्यापर्यंत चालत आला आणि तिथे विहिरीत पडावा तसा नाहीसा झाला.

त्याने पत्नीला खूण करून बोलावले. ती ओले हात पदराला पुशीत आली, मूर्तीच्या पाठीमागे गेली आणि नेहमीप्रमाणे कान टेकवून उभी राहिली. त्याने मनगटावर ठोका दिला. त्याला स्वतःला तर तो मुकाच वाटला. तिने मान वर केली, क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "स्वच्छ."

"नीट ऐकलंस ना?"

"इतकी वर्षं ऐकतेय. आजच कुठून शंका आली तुम्हाला?" असे म्हणून ती आत निघून गेली.

त्याच्या भयाला एक मूळ होते आणि ते त्याने कोणालाही दाखवले नव्हते. गेले काही महिने त्याच्या कानांत एक रातकिडा येऊन बसला होता. हातोडी खाली ठेवली तरी तो थांबत नसे. गप्पांच्या मध्ये, जेवणाच्या मध्ये त्याची किरकिर चालूच. आयुष्यभर पोलादावर पोलाद आपटत बसलेल्या माणसाच्या कानांनी एक दिवस संप पुकारावा, यात नवल ते काय? पण आपल्या कानावरचा विश्वास उडालेला शिल्पकार म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या व्यवसायबंधूंपैकी एकाची नजर गेली, तेव्हा लोक त्याच्याशी आधी हळू बोलू लागले आणि मग बोलेनासेच झाले होते. म्हणून त्याने तो रातकिडा गिळून टाकला होता. पत्नीला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. ती सगळे काम थांबवून त्याला घरात बसवील, अशी त्याची खात्री होती.

तेव्हा दोनच गोष्टी संभवत होत्या. एक तर त्याचा कान खोटा होता, किंवा दगड खोटा होता. पत्नीने दगडाला खरा ठरवले होते. राहता राहिला कान.

त्याने स्वतःची अशी समजूत घातली आणि काम पुढे चालू केले. परंतु त्याचा हात समजूत घालून घ्यायला तयार होईना. खांद्यापाशी आला की तो आपोआप हलका होई. छिन्नी तिथे टेकायची, रेंगाळायची आणि काहीही न उतरवता पुढे सरकायची. शिल्पात संकल्प मनाचा असतो, पण अनुमती पाषाणाची लागते, आणि ती अनुमती मनाच्या आधी हाताला कळते, असे तो तरुणांना शिकवीत आला होता. आता स्वतःचाच हात काही सांगू पाहत होता आणि ते ऐकण्याचे धैर्य त्याला होत नव्हते.

मातीचा नमुना खिडकीजवळच्या स्टुलावर ओल्या फडक्याखाली झाकलेला असे. विचार करायला बसला की त्याच्यापाशी बसायचे आणि फडक्याखाली हात घालून माती चाचपत राहायचे, ही त्याची जुनी खोड. एका सकाळी त्याने फडके उचलले. नमुन्यातल्या स्त्रीचा हात पुढे पसरलेला नव्हता. तो कोपरातून दुमडून शालीत गेला होता आणि बोटे छातीखाली, बरगडीवर विसावली होती. आदल्या संध्याकाळी आपण इथे बसलो होतो, हे त्याला आठवत होते. बोटांनी हे केव्हा केले, ते मात्र काही केल्या आठवेना.

पत्नी चहा घेऊन आली आणि तिने ते पाहिले. "बाईंनी हात आखडता घेतला वाटतं?" ती म्हणाली. एरवी तो खळखळून हसला असता. त्याने तो हात पुन्हा सरळ ओढून काढला. ओढताना मातीच्या खांद्यावर एक बारीक भेग पडली. ती त्याने अंगठ्याने दाबून बुजवली. मातीत ते जमते.

पुढच्या आठवड्यात पैलवान येऊन गेला. पैलवान म्हणजे साखळी-कप्पीने मोठमोठे दगड उचलून बसवणारा मनुष्य; अंगाने इतका किडकिडीत, की हे नाव त्याला थट्टेनेच पडले असावे, पण आता त्याचे खरे नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. त्याने मूर्तीभोवती फिरून वजनाचा अदमास घेतला आणि आधार कधी तोडणार म्हणून विचारले. तो तोडल्याशिवाय तोल कळणार नव्हता आणि तोल कळल्याशिवाय साखळी कुठून घ्यायची ते ठरणार नव्हते. शिल्पकार टाळाटाळ करू लागला तसा तो हसून म्हणाला, "मास्तर, काकूंनी पास केलाय ना दगड? मग मी डोळे मिटून उचलतो. तेवढं त्यांना सांगा, गरिबाला ओळख देत जा म्हणावं. परवा रस्त्यात चांगल्या तीन हाका मारल्या, पण ढुंकून बघितलं नाही."

"तुझ्याकडं बघायचं म्हणजे शोधावं लागतं," शिल्पकार म्हणाला, आणि पैलवान खूश होऊन निघून गेला. त्या बोलण्यात आपल्यासाठी काही आहे, असे तेव्हा शिल्पकाराच्या मनातही आले नाही.

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्याबरोबर त्यांची एक तरुण सहकारी होती, तिचे दिवस भरत आलेले. डॉक्टरीणबाईंनी मूर्ती पाहिली. मग त्यांनी सांगितले की आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई दारात येते तेव्हा घाबरलेली असते, आणि तिने वर पाहिले की तिला हा हात दिसेल, याहून अधिक आम्हाला काही नको. ती तरुण सहकारी तेवढ्यात पुढे आली आणि पोटावर तळवा ठेवून, कौतुकाने वर पाहत, नेमकी त्या पसरलेल्या हाताखाली उभी राहिली.

शिल्पकाराला त्या क्षणी जे दिसले ते त्याने पुढे कोणालाही सांगितले नाही. त्याला खांदा सुटताना दिसला. आवाज आला नाही. फक्त सुटताना दिसला. त्याने पुढे जाऊन त्या मुलीला, "इकडून बघ बाळ, इकडून उजेड चांगला आहे," म्हणत बाजूला घेतले. तिला ते आजोबांचे अगत्य वाटले. त्याचा हात घामाने भिजलेला होता, हे तिच्या लक्षात आले असेल तर तिने तसे दाखवले नाही.

त्या दोघी गेल्यावर, त्यांना चहा देऊन आत गेलेल्या पत्नीला त्याने पुन्हा बोलावले. पुन्हा तिने कान टेकवला. पुन्हा त्याने ठोका दिला आणि पुन्हा त्याला तो मुका वाटला. तिने त्याचा चेहरा पाहिला, आणि या वेळी अधिकच मायेने म्हणाली, "स्वच्छ आहे हो. उगीच जीव टांगणीला लावून बसलाय तुम्ही. तोडा तो आधार एकदाचा."

त्याने आधार तोडला. हाताखाली रेतीच्या गोण्यांची उतरंड रचून, टाकीने अलीकडून-पलीकडून खाचा पाडून तो तिरपा दगड त्याने मोकळा केला. बरगडीकडच्या बाजूला एक उंचवटा, साधारण मुठीएवढा, शिल्लक राहिला; तो मागाहून उतरवू म्हणून त्याने तसाच ठेवला. मग गोण्या एकेक करून काढल्या. हात अधांतरी राहिला. त्या दिवशी राहिला, दुसऱ्या दिवशी राहिला. पत्नीने त्या दगडी मनगटावर थोपटले आणि शिल्पकाराकडे असे पाहिले, की बघा, मी म्हणत नव्हते? तो हसला. रातकिडा कानात किरकिरत होता. हात राहिला होता, म्हणजे कान गेला होता; त्याला सुख आणि दुःख एकाच वेळी झाले.

घासकाम नेहमी पत्नीचे असे. शिल्पकाराच्या छिन्नीने जे खरबरीत सोडलेले असते, त्यावर पाणी घालून घासदगडाने सावकाश, गोल गोल घासायचे, म्हणजे पाषाणाची कांती वर येते. तिच्या हाताला त्याचे विलक्षण वळण होते. हाताच्या खालच्या अंगाचे घासकाम करण्यासाठी तिने बुटके स्टूल ओढले, पाण्याचे पातेले जवळ घेतले आणि दाराकडे पाठ करून ती त्या पसरलेल्या हाताच्या अगदी खाली बसली.

दुपारचे ऊन खिडकीतून तिरपे आत आले होते. शिल्पकार अंगणात छिन्न्यांना धार लावून दाराशी आला आणि उंबऱ्यावर थबकला. तिने खांद्याची खालची बाजू नुकतीच भिजवलेली होती आणि ती आता उन्हाने वाळत चालली होती. ओला दगड काळा दिसतो, वाळला की करडा. करडा रंग कडेकडेने आत सरकत होता, तळे आटत जावे तसा. सगळे आटले. एक रेघ मात्र आटली नाही.

केसाएवढी रेघ. काखेच्या खालून निघून खांद्याला वळसा घालून पाठीकडे गेलेली, काळीभोर, ओली. दगडाच्या अंगावरचे पाणी वाळले होते, पण हे पाणी अंगावरचे नव्हतेच. ते आत शिरले होते. तो पाहत असताना त्या रेघेतून चिमूटभर भुकटी सुटली आणि तिच्या पांढऱ्या केसांवर पडली. तिला कळले नाही. ती घासत होती, आणि तिच्या घासण्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तो हात, इतके सूक्ष्म की नुसत्या डोळ्यांना भास वाटावा, हलत होता.

"अगं," तो म्हणाला.

ती घासत राहिली.

"अगं, हात थांबव. ऊठ तिथून."

ती घासत राहिली. त्याने आवाज चढवला. इतका चढवला, की समोरच्या घरातले कुत्रे भुंकू लागले. तिची मान वळली नाही, तिच्या हाताची लय तसूभरही ढळली नाही. आणि त्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या शिल्पकाराला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या: दगड मुका होता, आणि ती बहिरी झाली होती. पैलवानाच्या तीन हाका त्याला आठवल्या. ठोक्यानंतर तिने मान वर करून आपल्याकडे पाहिले तो क्षण आठवला. ती दगड ऐकत नव्हती. ती त्याचा चेहरा वाचत होती, त्यात भीती पाहत होती, आणि त्या भीतीला बरे वाटेल ते बोलत होती.

धावत जावे, तिला ओढून काढावे, असे त्याच्या सर्वांगाला वाटले; पण पाय उचलता उचलता तो थांबला. मागून स्पर्श झाला तर ती दचकेल. दचकून उठली तर तिचे मस्तक आधी त्या हातावर आपटेल. जमिनीवर काही आपटले तर तो हादरा तिच्याआधी खांद्याला पोचेल. आयुष्यभर दगडापुढे जसा तो उभा राहिला होता, तसा आता त्याला उभे राहायचे होते: घाई न करता, बळ न लावता, पुढचा ठोका कुठे पडला तर काय सुटेल याचा हिशेब करीत. त्याने पायातल्या चपला काढल्या. भिंतीच्या कडेकडेने, हत्यारांच्या फळीला पाठ घासत, तो लांबचा वळसा घेऊन निघाला. मूर्तीच्या पाठीमागून जाताना त्याला ती रेघ पाठीवरही दिसली. त्याने त्या रेघेकडे पुन्हा पाहिले नाही.

तो पत्नीच्या समोर, तिच्या नजरेच्या टप्प्यात, हलकेच खाली बसला. तिला त्याची सावली जाणवली आणि तिने मान वर केली. त्याने ओठांवर बोट ठेवले. मग दोन्ही तळवे तिच्यापुढे पसरले, जसे चालायला शिकणाऱ्या मुलापुढे पसरतात, आणि मानेने खुणावले: ये. खाली वाकून ये.

तिने त्याचा चेहरा वाचला. त्यात ती कसबी होतीच. वर काय आहे ते तिने पाहिलेही नाही. हातातला घासदगड सावकाश खाली ठेवला, स्टुलावरून गुडघ्यांवर उतरली आणि रांगत त्याच्या तळव्यांपर्यंत आली. त्याने तिला घट्ट धरले आणि भिंतीपर्यंत मागे नेले. तिथे ती दोघे फरशीवर बसली. त्याने बोटाने तिला खांद्यावरची ती ओली रेघ दाखवली. हात अजून तसाच अधांतरी होता, तळवा खाली, आणि त्याच्याखाली रिकामे स्टूल.

"केव्हापासून?" त्याने तिच्याकडे तोंड करून विचारले.

ओठांवरून तिला शब्द कळला. तिने आधी आढेवेढे घेतले, मग खाली पाहिले. डावा कान फार आधी गेला होता, उजवा गेल्या हिवाळ्यापासून. तिने ते सगळे थोडक्यात सांगितले, जसे एखादे भांडे फुटले हे सांगावे. सांगितले असते तर त्याने दुसऱ्या कोणाला कान लावायला उभे केले असते, आणि मग त्या कार्यशाळेत आपले काय काम उरले असते? "नुसती घासत बसले असते," ती म्हणाली. "तुमचा चेहरा बघून वाटायचं, बहुतेक ठीक आहे. हा दगड घेतला तेव्हा तुम्ही किती खूश होता. आणि परवा तुम्ही एवढे घाबरलेले होता, की मला वाटलं, आपण धीर द्यावा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "ती पोरगी उभी होती त्याच्याखाली."

"तूही बसली होतीस," तो म्हणाला.

मग त्यानेही आपला रातकिडा तिला सांगितला. ओठ नीट हलवून, सावकाश. आपल्याला ऐकू येत असूनही आपण स्वतःला बहिरा ठरवत होतो आणि ती ऐकू येत नसूनही निवाडा देत होती, हे बोलून दाखवताना त्याचे त्यालाच चमत्कारिक वाटले. तिने ते सगळे वाचले, पदराने नाक पुसले आणि म्हणाली, "दोघांचा मिळून एक धड कान तरी होईल का हो?"

निरोप मिळताच पैलवान आला. त्याने वर पाहिले मात्र, त्याच्या तोंडातली थट्टा तोंडातच राहिली. त्याने कोणालाही त्या हाताखाली जाऊ न देता दोन्ही बाजूंनी लांब फळीने गोण्या आत ढकलल्या आणि वर साखळीचा सैल झोळ बांधला. शिल्पकाराने एक पातळ पाचर घेतली, त्या काळ्या रेघेत टेकवली आणि हातोडी उचलली. आजवर त्याने दगडातून नको ते काढून टाकले होते. हवे होते ते काढून टाकण्यासाठी त्याने प्रथमच हातोडी उचलली होती, आणि त्याचा हात जड झाला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो खांद्यापाशी निःशंक होता.

अर्धा ठोकाही पुरला. हात गोण्यांवर पडला, एक धपकन आवाज झाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

उघड्या पडलेल्या जागेकडे तिघेही पाहत राहिली. खांद्याचा जवळजवळ सगळा छेद गंजासारखा तांबूस तपकिरी होता. ही चीर माणूस जन्माला येण्याच्याही आधीची, पाण्याने युगानुयुगे रंगवलेली. खांद्याच्या वरच्या कडेला मात्र एक अरुंद पट्टी ताजी, करडी, चमचमणारी होती. एवढ्याच दगडावर तो हात इतके दिवस लोंबत होता. पैलवान बाहेर अंगणात निघून गेला.

त्यानंतरचे भय अधिक खोल होते. चीर हाताबरोबर गेली की धडातही उतरली आहे? शिल्पकाराने सगळी मूर्ती मस्तकापासून पायापर्यंत पाण्याने न्हाऊ घातली आणि दोघे तिच्यासमोर बसून ती वाळताना पाहू लागली. करडा रंग कपाळावरून उतरला, गळ्यावरून उतरला, शालीच्या चुण्यांतून थांबत थांबत उतरला. प्रत्येक चुणीत काळी रेघ होती आणि प्रत्येक रेघेपाशी त्यांची नजर अडकत होती, आणि मग ती आटत होती. पायापाशी शेवटचा ओला डाग राहिला. तोही गेला.

मग ठोका. पत्नी सवयीने पाठीमागे जाऊन उभी राहिली, कान टेकवू लागली आणि थांबली. ती परत पुढे आली, त्याच्या शेजारी.

"मला नाही ऐकू येत," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

त्याने ठोका दिला. रातकिडा किरकिरत होता. त्याच्या पलीकडे काहीतरी होते असे वाटले. "खात्री नाही," तो म्हणाला. हे शब्द त्या कार्यशाळेत याआधी कोणी उच्चारले नव्हते. त्याने पुन्हा ठोका दिला, जागा बदलून, डोळे मिटून, आणि पुन्हा. मानेतून निघालेला नाद या वेळी कुठेही न अडखळता खाली पायापर्यंत गेला आणि फरशीतून त्याच्या अनवाणी पावलांना लागला. त्याने डोळे उघडले आणि मान हलवली.

राहिलेल्या दगडात आता काय होते? फुटका खांदा, बरगडीवरचा तो मुठीएवढा उंचवटा आणि मध्ये शालीचा जाड पट्टा. त्याने खिडकीजवळचे ओले फडके उचलले आणि मातीचा तो सरळ हात कोपरातून सावकाश दुमडला. बोटे बरगडीवर जिथे आली, तिथेच दगडात तो उंचवटा होता. त्याच्या बोटांनी हे केव्हाच करून ठेवले होते. त्यानेच ते ओढून सरळ केले होते. मग दगडातही त्याने खांदा मागे उतरवून शालीखाली घेतला, दंड शालीच्या घडीत दडवला आणि त्या उंचवट्यातून तळवा कोरला. डॉक्टरीणबाईंना त्याने सारे खरे सांगितले, पत्नीच्या कानासह आणि स्वतःच्याही. शेवटी त्याने एवढीच विनंती केली, की मूर्ती दाराच्या माथ्यावर नको. दाराशेजारी, जमिनीवर उभी करू. त्यांनी ती लगेच मान्य केली.

तशी ती उभी राहिली. ज्या दिवशी दार उघडले, त्या दिवशी शिल्पकार आणि त्याची पत्नी रस्त्याच्या पलीकडच्या बाकावर बसली होती. आत येऊन बसण्याचा आग्रह झाला, पण त्याने मानला नाही. पहिलीच जी बाई आली, तिला कळा सुरू झाल्या होत्या. तिच्या आईने तिला धरले होते, तरी दाराशी ती अडखळली, वाकली आणि आधारासाठी तिने जे हाताला लागले ते धरले. तिने मूर्तीचा तळवा धरला आणि आपला सगळा भार त्यावर टाकला.

शिल्पकाराचे सगळे शरीर कान झाले. रस्त्यावरची वाहने, रातकिडा, शेजारच्या बाकावरचे हसणे, या साऱ्याच्या मागे तो एका बारीक, कोरड्या आवाजाची वाट पाहत होता. बाई तशीच वाकून उभी होती. मग तिने श्वास सोडला, सरळ झाली आणि आत गेली.

पत्नी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. "काय झालं?" तिने विचारले.

त्याने तिच्याकडे नीट तोंड वळवले, म्हणजे तिला ओठ दिसावेत.

"काही नाही," तो म्हणाला. "काही ऐकू आलं नाही."

दुसरी एक बाई रस्ता ओलांडून दाराकडे येत होती. दोघेही पुन्हा तिकडे पाहू लागली.